प्रवेशानंतरची गुणवत्ता

वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा आरोग्यविज्ञानाच्या शाखांमध्ये येणारे बरेचसे विद्यार्थी आपापल्या शाळेत वरच्या क्रमांकांवर राहिलेले असतात आणि एमबीबीएसच्या शासकीय जागेपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला तर नापास होण्याचा अनुभव तोवर बहुधा आलेलाच नसतो. तरीही प्रथम वर्षाचा निकाल लागला की शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र यांपैकी एखाद्या विषयात अडकलेल्यांची यादी निघतेच. एकाच प्रवेशपरीक्षेतून, एकाच वर्षी, थोड्याफार फरकाच्या गुणांनी आलेल्या या मुलांपैकी काही जण विशेष प्रावीण्य मिळवतात, बरेचसे निभावून नेतात आणि काही मागे पडतात, असे का व्हावे, या प्रश्नाचे घरोघरी दिले जाणारे उत्तर ठरलेले आहे: मूल वसतिगृहात गेले आणि अभ्यासातून लक्ष उडाले. शिक्षक-कक्षातले उत्तरही तितकेच ठरलेले असते, ते म्हणजे हल्ली कमी गुणांवर प्रवेश मिळतात. दोन्हींत तथ्याचा अंश आहे. परंतु आरोग्यविज्ञानाच्या शिक्षणावर गेल्या काही दशकांत झालेले संशोधन पाहिले तर दोन्ही अपुरी ठरतात, कारण ती सगळे कारण विद्यार्थ्याच्या बुद्धीत किंवा वागणुकीत शोधतात आणि तो कोणत्या भाषेत, कोणत्या सोबत्यांमध्ये व कोणत्या परीक्षापद्धतीखाली शिकतो हा महाविद्यालयाच्या बाजूचा हिशेब मांडतच नाहीत.

महाराष्ट्रात हा हिशेब मांडण्याची सोय इतर अनेक राज्यांपेक्षा जुनी आहे. नाशिक येथे १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली आणि तोवर मुंबई, पुणे, नागपूर अशा वेगवेगळ्या विद्यापीठांना जोडलेली वैद्यकीय, आयुर्वेद व अन्य आरोग्यविषयक महाविद्यालये एका छत्राखाली आली. परिणामी अभिमत विद्यापीठे वगळली तर मुंबईच्या परळ भागातील जी. एस. मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी आणि यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी लेखी परीक्षेत एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. प्रश्नपत्रिका एक असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता एक नसतो.

प्रथम प्रवेशाच्या गुणांचा विचार करणे योग्य, कारण सर्वाधिक वाद त्यांच्याभोवती होतो. फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की वैद्यकीय पदवीच्या काळातील गुणांमध्ये विद्यार्थ्याविद्यार्थ्यांत जो फरक दिसतो त्यापैकी सुमारे २३ टक्के फरकाचा उलगडा त्यांच्या आधीच्या शैक्षणिक गुणांवरून होतो, तर पदवीनंतरच्या प्रशिक्षणातील फरकाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर येते. २३ टक्के हा आकडा लहान नाही. एकट्या कोणत्याही घटकाने इतका फरक उलगडावा ही मोठीच गोष्ट आहे, त्यामुळे प्रवेशपरीक्षा निरर्थक असते असे म्हणणाऱ्यांना त्यातून आधार मिळत नाही. परंतु उरलेले तीन-चतुर्थांशांहून अधिक अंतर अन्य कारणांनी पडते, हेही त्याच आकड्याचे म्हणणे आहे.

येथे संख्याशास्त्रातील एक साधी अडचण ध्यानात घ्यावी लागते. लाखो उमेदवारांमधून वरचा एक पातळ थर निवडला की त्या थरातील सर्वांचे गुण एकमेकांच्या फार जवळ येतात आणि मग त्या गुणांच्या आधारे पुढचे काही ओळखणे कठीण होते, कारण जेथे फरकच थोडा तेथे फरकाचा परिणाम कसा दिसावा? नीट या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत १८० प्रश्नांना ७२० गुण असतात, बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. म्हणजे एखादे उत्तर बरोबर येण्याऐवजी चुकले तर ५ गुणांचा फरक पडतो आणि दोन विद्यार्थ्यांमधील ३० गुणांचे अंतर, ज्यावरून एकाला शहरातले नामांकित महाविद्यालय मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, ते केवळ सहा प्रश्नांचे असते. त्या सहा प्रश्नांमध्ये पुढील साडेचार वर्षांचे भवितव्य दडलेले असते असे मानणे हा आकड्यांवरचा भाबडा विश्वास झाला.

कमी गुणांवर आलेले विद्यार्थी टिकतात का, या प्रश्नाचे एक नेमके उत्तर लंडनच्या किंग्ज कॉलेजने दिलेले आहे. तेथे २००१ साली शहरातील मागे पडलेल्या सरकारी शाळांमधून मुले निवडून त्यांच्यासाठी एक वर्ष अधिक मुदतीचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू करण्यात आला. या मुलांचे शालेय गुण नेहमीच्या विद्यार्थ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते, मात्र सुरुवातीच्या टप्प्यात त्यांना अधिक वेळ आणि अधिक मार्गदर्शन मिळे व परीक्षा इतरांसारख्याच द्याव्या लागत. त्यांतील बहुतांश विद्यार्थी त्या परीक्षा उत्तीर्ण होत गेले. आरक्षणावरील आपल्याकडच्या चर्चेत ‘गुणवत्ता’ ही प्रवेशाच्या दिवशी गोठलेली वस्तू मानली जाते, तेव्हा या प्रयोगाचा उल्लेख क्वचितच होतो. दारात किती गुण होते याइतकेच दारातून आत आल्यानंतर काय मिळाले यालाही महत्त्व असते, एवढे तो प्रयोग निश्चित दाखवतो.

आत आल्यानंतर पहिली गोष्ट बदलते ती अभ्यासाची जात. लातूर, नांदेड किंवा कोटा येथील शिकवण्यांमध्ये दोन-तीन वर्षे घालवलेल्या मुलाला चार पर्यायांतून योग्य पर्याय ओळखण्याचा विलक्षण सराव झालेला असतो. समोर असलेले ओळखणे आणि समोर काहीच नसताना आठवणे या मेंदूच्या दोन निरनिराळ्या क्रिया असून विद्यापीठाची परीक्षा, तिची तोंडी बाजू तर विशेषच, दुसऱ्या क्रियेची मागणी करते. त्यात वेळही पूर्वीपेक्षा कमी. वैद्यकाच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे शरीररचना व शरीरक्रिया शिकण्याला, पूर्वी दीड वर्ष मिळत असे. १९९७ च्या नियमांनी ते एका वर्षावर आणले आणि पाठ्यपुस्तके मात्र त्या प्रमाणात बारीक झाली नाहीत.

या टप्प्यावर अभ्यास कसा केला जातो हे जवळून पाहण्यासारखे आहे. हाताला जाणाऱ्या नसांचे मानेपासून काखेपर्यंत पसरलेले जाळे, ज्याला ब्रॅकिअल प्लेक्सस म्हणतात, ते प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावे लागते: मणक्यातून निघणारी पाच मुळे, त्यांच्या जुळणीतून तीन खोडे, प्रत्येक खोडाचे दोन फाटे, त्या फाट्यांपासून तीन दोर आणि शेवटी खांदा, दंड व पंजापर्यंत पोहोचणाऱ्या पाच मुख्य नसा. बहुसंख्य विद्यार्थी चौरसियांच्या शरीररचनेवरील पाठ्यपुस्तकातील हे पान तीन-चार वेळा वाचतात, पिवळ्या आणि गुलाबी हायलाइटरने रंगवतात आणि प्रत्येक वाचनागणिक ते अधिक ओळखीचे वाटू लागल्याने आपल्याला ते आले, असे समजतात. दुसरा एखादा विद्यार्थी एकदा वाचून पुस्तक मिटतो, कोऱ्या कागदावर आकृती काढू लागतो, दुसऱ्या खोडापाशी अडतो, पुस्तक उघडून पाहतो, पुन्हा मिटतो, आणि चार दिवसांनी हाच खटाटोप पहिल्यापासून करतो. या दुसऱ्या पद्धतीत वेळ जास्त जातो असे वाटते, मन खट्टू होते, चुका डोळ्यांसमोर येतात. तरीही व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलापाशी, परीक्षकाने कोरा कागद पुढे सरकवल्यावर, ती आकृती बहुधा याच विद्यार्थ्याच्या हातून उतरते.

ही केवळ शिक्षकांची समजूत नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला दिला व दुसऱ्या गटाला वाचून झाल्यावर तो आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत चित्र उलटले आणि आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. २००९ साली लार्सन व सहकाऱ्यांनी असाच प्रयोग निवासी डॉक्टरांवर केला, तेव्हा ज्या विषयावर वारंवार चाचण्या घेतल्या होत्या त्यात सहा महिन्यांनंतर सरासरी ३९ टक्के गुण पडले आणि ज्याची केवळ उजळणी केली होती त्यात २६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेले वाचन दुसऱ्या दिवशी कामी येते आणि वॉर्डात मात्र साथ देत नाही, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या अनुभवामागे हेच कारण आहे. २०१३ साली डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींची छाननी केली, त्यांत स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने उजळणी करणे या दोनच पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या, तर पुनर्वाचन आणि रंगवणे तळाच्या गटात गेले. याउलट कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून शिकतो आणि त्याप्रमाणे शिकवले पाहिजे, ही शिक्षक-प्रशिक्षणाच्या कार्यशाळांमध्ये आजही हौसेने मांडली जाणारी कल्पना २००८ साली पॅशलर व सहकाऱ्यांनी तपासली, तेव्हा तिला पुरेसा पुरावा आढळला नाही. ती अजून जिवंत आहे, याचे कारण ती ऐकायला गोड लागते हेच असावे.

विद्यार्थ्यांना या पद्धती कोणी शिकवत नाही, हा खरा मुद्दा आहे. २०१९ पासून भारतात एमबीबीएससाठी क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला, म्हणजे विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येते यावर भर देणारा अभ्यासक्रम. त्याच्या आरंभी महिनाभराचा पायाभूत वर्ग ठेवण्यात आला आणि त्यात अभ्यासकौशल्ये, भाषा, संगणक, वेळेचे नियोजन यांना जागा मिळाली. कल्पना उत्तम होती. परंतु ज्या महिन्यात मुलांना अजून काहीच अवघड लागलेले नसते त्या महिन्यात अभ्यासकौशल्यावरील व्याख्यान कानाआड जाते आणि पहिल्या चाचणीत सपाटून मार खाल्ल्यानंतर, जेव्हा त्याची खरी गरज असते, तेव्हा ते वेळापत्रकात नसते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. नीट मराठीतूनही देता येते, परंतु त्यानंतर पाठ्यपुस्तक, व्याख्यान, उत्तरपत्रिका आणि तोंडी परीक्षा हे सारे इंग्रजीत येते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला इंग्रजी कळत नाही असे नसते. अकरावी-बारावीत त्याने विज्ञान इंग्रजीतच शिकलेले असते. अडचण वेगाची असते. शेजारचा विद्यार्थी जे पान वीस मिनिटांत वाचून समजून घेतो त्याला चाळीस मिनिटे लागतात, आणि वर्षभरात हे अंतर साचत जाते. प्रात्यक्षिक परीक्षेतील ‘स्पॉटर्स’ या भागात टेबलांवर टाचणी किंवा बाण लावलेले अवयवांचे नमुने ठेवलेले असतात, घंटा वाजली की पुढच्या टेबलापाशी सरकायचे असते. तेथे अवयव ओळखूनही त्याचे लांबलचक नाव लिहिताना अडखळणारा विद्यार्थी घंटेशी हरतो, आणि गुणपत्रिकेत मात्र त्याला शरीररचना येत नाही अशी नोंद होते. ज्ञान मोजायला ठेवलेली परीक्षा अशा वेळी लेखनाचा वेग मोजत असते.

यावर उपाय म्हणून मातृभाषेतून वैद्यक शिकवावे, असा आग्रह धरला जातो. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथम वर्षाच्या तिन्ही विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. मराठीला ही वाट नवी नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीतून शिकवणारा वर्ग चालत होता व त्यातून खालच्या श्रेणीचे डॉक्टर तयार होत. ‘खालच्या श्रेणीचे’ हीच त्या व्यवस्थेतली मेख होती, आणि आजही भाषावार वर्ग वेगळे केले तर ती पुन्हा उगवण्याची धास्ती खोटी म्हणता येणार नाही. वर्ग वेगळा न करता शिक्षकाने अवघड संकल्पना एकदा मराठीत सांगून मग इंग्रजी संज्ञेकडे वळणे, जे अनेक चांगले शिक्षक नकळत करतातच, हा मधला मार्ग अधिक कामाचा दिसतो. आयुर्वेदाच्या महाविद्यालयात पारडे थोडे फिरते: तेथे प्रथम वर्षाला अष्टांगहृदयासारख्या संस्कृत ग्रंथाशी गाठ पडते आणि शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी मुलाला श्लोकाचा अन्वय लागतो, तर इंग्रजी माध्यमातला विद्यार्थी चाचपडतो.

भाषेचे हे नाणे दुसऱ्या वर्षानंतर पुरते उलटते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्या कोट्यातून हरियाणा वा केरळमधून आलेला, प्रथम वर्षात आघाडीवर असलेला विद्यार्थी वॉर्डात पोस्टिंगला जातो तेव्हा त्याच्यासमोर ‘पोटात डुचमळतंय’, ‘अंगात कसर आहे’ किंवा ‘हातापायाला मुंग्या येतात’ असे सांगणारा रुग्ण असतो. रुग्णाकडून आजाराची हकिगत नीट काढून घेता आली नाही तर केस प्रेझेंटेशन कोसळते. ज्या विद्यार्थ्याला प्रथम वर्षात इंग्रजीने दमवले होते, तोच आता खाटेपाशी रुग्णाशी आणि त्याच्या नातेवाइकांशी मनमोकळे बोलत असतो. त्याचे गुण येथे वाढले, तर त्याची बुद्धी मध्यंतरी वाढली असा अर्थ कोणी काढत नाही.

मनाच्या स्वास्थ्याविषयी आता मुबलक आकडे उपलब्ध आहेत. २०१६ साली ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात ४७ देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यानुसार वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली आणि अशा विद्यार्थ्यांपैकी जेमतेम १६ टक्क्यांनी उपचार घेतले होते. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली अहवाल दिला. त्याने केलेल्या पाहणीत २५ हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली व त्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी मानसिक आजाराचे निदान झाले असल्याचे सांगितले. उद्याचे डॉक्टरच उपचाराला टाळतात, यात नवल वाटण्याजोगे काही नाही, कारण मानसोपचार विभाग त्यांच्याच इमारतीत असतो आणि तेथील शिक्षक उद्या त्यांचे परीक्षक असतात. थोडा ताण अभ्यासाला पोषक असतो आणि फार ताण मारक, हा यर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८ सालचा नियम या संदर्भात नेहमी सांगितला जातो. मूळ प्रयोग उंदरांवर झाला होता हे लक्षात ठेवून तो जपून वापरलेला बरा. झोपेबाबत मात्र शंका नाही. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेत चालते, म्हणून रीडिंग रूममध्ये पहाटेपर्यंत बसून सकाळच्या आठच्या व्याख्यानाला डुलक्या घेणारा विद्यार्थी दोन्हीकडून नुकसान करून घेतो.

परिचर्येच्या विद्यार्थिनींकडे या चर्चेत कोणी पाहत नाही, ही खंत नोंदवण्यासारखी आहे. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगमध्ये किंवा तीन वर्षांच्या जीएनएम अभ्यासक्रमात वॉर्डातील ड्यूटी हा शिक्षणाचाच भाग असतो, परंतु परिचारिकांची संख्या अपुरी असलेल्या रुग्णालयात विद्यार्थिनी शिकायला उभी आहे की मनुष्यबळ म्हणून, यातली रेषा लगेच पुसट होते. सकाळच्या पाळीत तापमान, नाडी, रक्तदाब नोंदवून, औषधे देऊन, खाटा आवरून दुपारी वर्गात बसलेल्या मुलीकडून औषधशास्त्राच्या व्याख्यानात एकाग्रतेची अपेक्षा ठेवली जाते. त्यांपैकी अनेक जणी खेड्यातून, मराठी माध्यमातून आणि शिक्षण लवकर संपवून पगार सुरू व्हावा अशी अपेक्षा असलेल्या घरांतून येतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या ताणावर जितके लिहिले जाते त्याच्या काही अंशानेही यांच्याबद्दल लिहिले जात नाही.

विद्यार्थी कोणासोबत राहतो, याचा गुणांशी असलेला संबंध पालकांना नेहमीच ठाऊक होता. संशोधकांनी तो उशिरा मोजला. कॅथरिन वुल्फ व सहकाऱ्यांनी लंडनमधील विद्यार्थ्यांच्या मैत्रीच्या जाळ्यांचा अभ्यास करून २०१२ साली दाखवले की वर्षअखेरीचे गुण मित्रांच्या गुणांशी निगडित होते आणि मैत्री बहुधा समान लिंग, समान वंश किंवा समान शिकवणी-गट असलेल्यांत जमत होती. आपल्याकडे या जाळ्यातून फार काही वाहत असते: सिनियरने दिलेल्या नोट्स, हाडांचा संच, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, अमुक परीक्षक व्हायवात काय विचारतात याची कुणकुण. घरात आधीचा डॉक्टर असलेल्या मुलाला हे सारे फोनवर मिळते. घराण्यातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलाला ते कोणीतरी आपणहून द्यावे लागते.

आणि सगळ्यांना ते दिले जात नाही. दिल्लीच्या एम्समधील परिस्थितीची चौकशी करण्यासाठी डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००७ साली अहवाल दिला. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या अनेक विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडून मदत न मिळणे, वसतिगृहात वेगळे पडणे आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षांत दुजाभाव जाणवणे अशा तक्रारी मांडल्या होत्या. संस्थेने त्या अहवालातील निष्कर्षांशी असहमती दर्शवली. ब्रिटनमध्येही २०११ साली वुल्फ, पॉट्स व मॅकमॅनस यांनी केलेल्या आढाव्यात गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत अन्य वंशांचे विद्यार्थी व डॉक्टर परीक्षांत सातत्याने मागे असल्याचे आढळले आणि केवळ परीक्षकांच्या पूर्वग्रहाने हा फरक उलगडत नव्हता, कारण यंत्राने तपासलेल्या, नावाचा संबंध नसलेल्या परीक्षांतही तो दिसत होता. म्हणजे परीक्षेच्या दिवसाच्या खूप आधी, वर्गात कोणाला प्रश्न विचारला जातो, कोणाची चूक हसण्यावारी जाते आणि कोणाची लक्षात ठेवली जाते, अशा बारीकसारीक गोष्टींत तो फरक घडत असावा.

अभ्यासक्रम पुढे सरकतो तसतसे घटकांचे वजनही बदलते. बेल्जियममधील लिव्हन्स व सहकाऱ्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २००९ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार, हाती घेतलेले काम नेटाने, वेळेवर आणि नीटनेटके पार पाडण्याच्या वृत्तीचा गुणांशी असलेला संबंध सुरुवातीच्या वर्षांत बेताचा होता आणि शेवटच्या वर्षांत तो ठळक झाला. याचे कारण परीक्षेच्या स्वरूपात आहे. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करायचे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. पहिल्या दोन पायऱ्यांवर स्मरणशक्ती तारून नेते. वरच्या पायऱ्यांवर रुग्णाची रोज विचारपूस करणारा, नोंदी न चुकवणारा, शंका आली की पुन्हा तपासणारा विद्यार्थी पुढे येतो. दुर्दैवाने आपल्याकडे अंतिम वर्षापासून आणि विशेषतः इंटर्नशिपमध्ये पदव्युत्तर प्रवेशाच्या बहुपर्यायी परीक्षेची छाया पडते आणि जेथे शिकायचे ते वॉर्ड सोडून विद्यार्थी व्हिडिओ व्याख्यानांकडे वळतात. परीक्षा जे मोजते तेच शिकले जाते, आणि याला विद्यार्थ्यांचा दोष म्हणता येत नाही.

परीक्षापद्धती बदलून पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाने वैद्यकाच्या सुरुवातीच्या काळात श्रेणी देणे थांबवून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा देण्यास सुरुवात केली; २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले दिसले आणि पुढील परीक्षांतील कामगिरी घसरलेली नव्हती. महाराष्ट्रात, जेथे सुवर्णपदकांची परंपरा आणि पालकांचा गुणांवरचा जीव दोन्ही मोठे आहेत, तेथे असा बदल पचायला वेळ लागेल. त्यापेक्षा लहान गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जी १९६९ साली सुरू झाली, प्रथम वर्षाचे विद्यार्थी आरंभीच आश्रमातील शिबिरात एकत्र राहतात व पुढे गावात राहून काही कुटुंबांची जबाबदारी घेतात; या उपक्रमाचा हेतू समाजाभिमुखता हा असला तरी मैत्रीची जाळी गटागटांत घट्ट होण्याआधी सगळी बॅच एका पंगतीत बसते, हा त्याचा आनुषंगिक लाभ कमी नाही.

महाविद्यालयांच्या हाती असलेली सर्वांत उपयोगी सूचना मात्र त्यांच्याच कपाटात असते. पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण सत्राच्या पहिल्या काही महिन्यांतच तयार होतात, आणि वर्षअखेरीस अडकणारे बरेचसे विद्यार्थी त्या यादीत तळाशी आधीच दिसत असतात. नियमांनुसार लेखी विषयांना ७५ टक्के व प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते, त्यामुळे गैरहजेरीचा तक्ता काटेकोर ठेवला जातो; मात्र चाचणीतल्या तळाच्या विद्यार्थ्यांना बोलावून ते वाचतात कसे, झोपतात किती, कोणासोबत अभ्यास करतात आणि घरून पैसे वेळेवर येतात का, हे विचारण्याचे काम नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकाच्या मर्जीवर राहते. पूर्वी नापास झालेल्यांची वेगळी सहामाही बॅच होई आणि ती मुले वर्षानुवर्षे त्या नावाने ओळखली जात. आता मुख्य निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते आणि तीत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आपल्याच बॅचमध्ये परततो, तर न झालेला मागच्या बॅचमध्ये जातो. २०२३ च्या नियमांनी प्रथम वर्षासाठी जास्तीत जास्त चार संधी आणि संपूर्ण अभ्यासक्रमासाठी नऊ वर्षे अशी मर्यादा घातली आहे. पुरवणी परीक्षेपूर्वीच्या त्या आठवड्यांत बॅचमधले इतर दुसऱ्या वर्षाच्या विकृतिशास्त्राच्या वर्गात जाऊन बसलेले असतात आणि अडकलेली मुले तेच पुस्तक, बहुधा त्याच हायलाइटरसह, पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागतात. त्या वेळी त्यांच्यासोबत बसून कोरा कागद पुढे ठेवणारा शिक्षक मिळाला, तर चारपैकी दुसरी संधी पहिलीसारखी वाया जात नाही.